दोन परिचारिका, तीन दिवस: खडकी ते कॅम्प

शुक्रवार रात्र

युद्धकाळात सैन्यात असताना मरण पावलेल्या एखाद्या बाईचं नाव खडकीच्या युद्ध दफनभूमीत जाऊन मग शोधू, असं ठरवणारा माणूस दोन तासांनी घामाघूम होऊन फाटकापाशी परत येतो. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत आणि सगळ्या शिळा एकसारख्या. हा सारखेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. अधिकारी असो की शिपाई, पुरुष असो की बाई, शिळेचा आकार बदलत नाही. या दफनभूमीची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची ठरलेली शिळा ८१३ मिलिमीटर उंच, ३८१ रुंद आणि ७६ जाड. त्यामुळे गणवेशातली बाई लांबून ओळखू येत नाही. तिला आधी कागदावर शोधावं लागतं, म्हणून सहल शुक्रवारी रात्री घरीच सुरू होते.

या सहलीसाठी दोन नावं घेतली आहेत. कॅथलीन पॉवर आणि ॲमी व्हेडा ओ’ग्रेडी, दोघीही ऑस्ट्रेलियाच्या सैनिकी परिचारिका दलातल्या. ऑगस्ट १९१६ मध्ये, ऐन पावसाळ्यात, दोघी मुंबईत कॉलऱ्याने एकाच आठवड्यात गेल्या. मेसोपोटेमियातल्या लढाईचे जखमी आणि आजारी शिपाई तेव्हा बसऱ्याहून जहाजांनी मुंबईला उतरत होते. तिथली रुग्णालयं भरली की पुढे पुणे, देवळाली. मुंबईचं व्हिक्टोरिया वॉर हॉस्पिटल आणि पुण्याचं डेक्कन वॉर हॉस्पिटल ही नावं त्या परिचारिकांच्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. १९१६ ते १९१९ या काळात ऑस्ट्रेलियाच्या पाचशेहून अधिक परिचारिकांनी हिंदुस्थानात काम केलं.

आयोगाच्या संकेतस्थळावरचा शोध फुकट आहे. आडनाव टाकताना ओ’ग्रेडीसारखं नाव तीन प्रकारे टाकून बघावं: सरळ अवतरणचिन्ह देऊन, चिन्ह न देता जोडून, आणि मध्ये जागा सोडून. फोनचा कीबोर्ड वाकडं चिन्ह टाकतो आणि शोध रिकामा येतो. मग लोक समजतात की नोंदच नाही. लग्न झालेल्या बाईची नोंद सासरच्या आडनावाने असते. घरी माहेरचं नाव चालत आलेलं असेल तर तिथेही फसगत होते. गावांची नावं जुन्याच स्पेलिंगने: पूना, किरकी. इंग्रजीत खडकी लिहाल तर काही हाती लागत नाही.

नाव माहीत नसेल तर उलट बाजूने जावं. दफनभूमीच्या नावाने पूर्ण यादी काढायची, ती तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घ्यायची आणि दलाच्या रकान्यावर चाळणी लावायची. दुसऱ्या महायुद्धासाठी पाहायची आद्याक्षरं अशी: क्यू.ए.आय.एम.एन.एस. म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या परिचारिका, आय.एम.एन.एस. म्हणजे हिंदुस्थानी लष्कराच्या, डब्ल्यू.ए.सी.आय. म्हणजे १९४२ साली उभं राहिलेलं हिंदुस्थानचं महिला सहायक दल. या दलातल्या मुली कारकुनी, टेलिफोन, सांकेतिक संदेश, गाड्या चालवणं अशी कामं करत. नौदलाची शाखा १९४४ मध्ये वेगळी झाली. दर्जाच्या रकान्यात सिस्टर, ऑक्झिलियरी, सबाल्टर्न, ज्युनियर कमांडर असे शब्द दिसले की थांबायचं. ज्युनियर कमांडर हा महिला दलातला दर्जा आहे, नौदलातला समजून लोक तो ओलांडून पुढे जातात.

मग छापील कागद घ्यायचा. त्यावर कबरीचा क्रमांक तीन भागांत असतो: आधी प्लॉट, मग रांगेचं अक्षर, मग रांगेतली जागा. स्मारकावरचं नाव असेल तर कबरीचा क्रमांक नसतो, तिथे ‘फेस’ म्हणजे कुठल्या बाजूच्या फलकावर ते लिहिलेलं असतं. पॉवर आणि ओ’ग्रेडी या दोघींच्या बाबतीत हा फरक कळला नाही तर शनिवार वाया जातो.

शनिवार: खडकी

सकाळी लवकर निघायचं. ऊन चढायच्या आत पोचलं की कोरीव अक्षरांत तिरपी सावली पडते आणि झिजलेला मजकूरही वाचता येतो. बारा वाजता तीच शिळा कोरी वाटते. मेट्रोने खडकी किंवा शिवाजीनगरपर्यंत येऊन पुढे रिक्षा करावी. रिक्षावाल्याला ‘वॉर मेमोरियल’ सांगू नये, तो सरळ कॅम्पच्या पलीकडे घोरपडीकडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर नेऊन सोडेल आणि त्यात त्याची काही चूक नसेल. ‘होळकर पुलाजवळची वॉर सिमेट्री, मुळा रस्ता’ असं सांगायचं. नुसतं ‘खडकीची सिमेट्री’ म्हटलं तरी घोळ होतो. खडकीत ख्रिस्ती दफनभूमी आणखीही आहेत.

सोबत काय घ्यायचं: छापील यादी, पेन्सिल, साध्या पाण्याची फवारणीची बाटली, खिशातला छोटा आरसा, टोपी. नदी जवळ असल्याने पावसाळ्यानंतर डासांचं मलम. फुलं न्यायची असतील तर सुटी, ताजी. हार घातला तरी तो शिळेच्या पायाशी ठेवावा. हळद-कुंकू, तेल, अगरबत्तीची राख यांचे डाग दगडात मुरतात आणि मग घासावं लागतं, घासलं की अक्षर झिजतं. श्रद्धेपोटी केलेल्या गोष्टीने नाव पुसलं जावं, हे कोणालाच नको असेल. अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळायची एक खोड आहे, तीही नको. पाण्याचा हलका फवारा मारला की कोरलेला भाग गडद दिसतो, आरशाने उजेड बाजूने टाकला की आणखी स्पष्ट. त्याहून जास्त काही लागत नाही.

फाटकाजवळ नोंदवही असते. ती तिथे दिसली नाही तर माळीकाकांना विचारावं. प्लॉटची मांडणी दाखवणारा नकाशा त्याच वहीत असतो, त्याचा फोटो आधी काढून ठेवायचा. प्लॉटचे आकडे जमिनीवर ठळक लिहिलेले सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये. ज्या शिळेपाशी उभे आहात तिचं नाव यादीत शोधून आपण कुठल्या प्लॉटात आहोत हे ठरवायचं. दोन-तीन शिळा अशा जुळवल्या की आकडे कुठल्या दिशेने वाढतात ते कळतं.

शिळा कशी वाचायची? वर दलाचं चिन्ह, खाली सेवाक्रमांक आणि दर्जा, मग बहुतेक वेळा आद्याक्षरं आणि आडनाव, दल, मृत्यूची तारीख, वय. त्याखाली धर्मचिन्ह आणि तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ. गोम आद्याक्षरांत आहे. पहिलं नाव लिहिलेलं नसेल तर ‘एम.’ म्हणजे मेरी की मायकेल हे दगड सांगत नाही. दर्जा आणि दल वाचल्याशिवाय रांगेतली बाई सापडत नाही ती यामुळे.

वय लिहिलेलं नसेल तर? ते कोणालाच माहीत नव्हतं असा अर्थ काढू नये. युद्धानंतर आयोगाने प्रत्येक मृताच्या जवळच्या नातेवाइकांना एक फॉर्म पाठवला. वय, आईवडिलांची नावं, तळाची ओळ हे सगळं त्या फॉर्मवरून आलं. ज्या घरून तो परत आला नाही, त्यांच्या नोंदीत हे रकाने रिकामे राहिले. पत्ता बदलला असेल, आई वारली असेल, किंवा लिहायची ताकद नसेल. शेजारच्या शिळेवर वय चोवीस आणि खालची प्रेमळ ओळ, आणि हिच्यावर नुसती तारीख. हा फरक टपालाचा आहे, तिच्या मोलाचा नाही.

तारखांचीही एक गंमत. १९४६ किंवा १९४७ ची तारीख दिसली की लोक म्हणतात, युद्ध तर संपलं होतं. आयोगाच्या हिशेबात दुसऱ्या महायुद्धाची मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे, पहिल्याची ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. या मुदतीत सेवेत असताना मृत्यू झाला की कारण काहीही असो, ती व्यक्ती युद्धातली मृत. गोळी, कॉलरा, मोटार अपघात, सगळं सारखं. सैन्यातल्या बायका बहुतेक वेळा आजाराने किंवा बुडालेल्या जहाजांवर दगावल्या. ‘ती काही लढताना मेली नाही’ हे वाक्य अजून ऐकू येतं, म्हणून हा नियम पाठ असलेला बरा. कॉलऱ्याच्या वॉर्डात काम करणारी परिचारिका रोज जितकी जवळून मरणाशी भिडत होती, तितकं पिछाडीच्या कचेरीत बसलेल्या कित्येक अधिकाऱ्यांच्या वाट्याला आलं नसेल.

आता पॉवर आणि ओ’ग्रेडी. या दोघींसाठी रांगांत फिरायचंच नाही. पहिल्या महायुद्धाचं खडकी स्मारक याच आवारात आहे, तिकडे वळायचं. हिंदुस्थानात मरण पावलेल्या आणि ठिकठिकाणच्या छावण्यांत, गावांत पुरलेल्या, पण पुढे जिथे देखभाल अशक्य झाली अशा १,८०० हून अधिक लोकांची नावं त्यावर आहेत. या दोघींना मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत पुरलं होतं. मार्च १९६२ मध्ये शिवडीहून ६२९ जणांचे अवशेष खडकीला आणून इथे पुन्हा पुरले. प्रत्येकाची स्वतंत्र शिळा मात्र झाली नाही, नाव स्मारकावर गेलं. अवशेष या मातीत आणि नाव फलकावर, मधला दुवा कागदावर. शिवडीत जाऊन शोधणाऱ्यालाही म्हणूनच तिथे काही मिळत नाही.

फलकावरची नावं सरळ अकारविल्ह्याने असतील असं धरून चालू नये. आयोगाच्या स्मारकांवर सहसा आधी दल, मग दर्जा, मग आडनाव असा क्रम असतो. ऑस्ट्रेलियाचा मथळा आधी गाठायचा, त्याखाली परिचारिका दल. फोटो काढताना पूर्ण फलकाचा एक, मथळ्यासह भागाचा एक आणि नावाचा जवळून एक, असे तीन घ्यावेत. नुसत्या नावाच्या फोटोवरून ते कुठल्या दलाखाली आहे हे नंतर सिद्ध करता येत नाही. याच आवारातल्या दुसऱ्या एका स्मारकावर दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या १९३ सैनिकांचीही नावं आहेत. आलोच आहोत तर तीही वाचावीत, त्यांच्यासाठी फारसं कोणी येत नाही.

वैयक्तिक फोटोंना आडकाठी नसते. पण बाजूला लष्करी हद्द आहे, तेव्हा कॅमेरा भिंतीच्या आत ठेवावा आणि ड्रोनचा विचारही करू नये. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारच्या आसपास इथे स्मरण कार्यक्रम असतो. गर्दी नको असेल तर तो आठवडा टाळा, पुष्पचक्रं बघायची असतील तर तोच धरा.

आपल्याकडची बाई शोधायची असेल तर मात्र शनिवारची ही वाट बहुधा बंद निघते. कारण सोपं आहे: हिंदू मुलीचं दहन झालं, मग कबर कुठली? हिंदुस्थानात मृत्यू आलेल्या आणि कबर नसलेल्या हिंदुस्थानी दलांच्या लोकांची नावं दिल्लीच्या युद्ध दफनभूमीतल्या स्मृतिग्रंथात आहेत, २५,००० हून अधिक. त्याचंच जोडस्मारक कराचीला आहे. ब्रह्मदेशात मृत्यू आला असेल तर रंगून स्मारक बघायचं. ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन मुलगी असेल तर खडकीची शक्यता खरी, आणि महिला सहायक दलात अँग्लो-इंडियन मुली बऱ्याच होत्या. नावच गाळलं गेलं असण्याचीही शक्यता आहे. २०२१ साली आयोगाने स्वतःच्या चौकशी अहवालात मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिका आणि आशियातल्या लाखाहून अधिक मृतांची नावानिशी नोंद झालीच नाही.

आपल्याकडच्या या बायकांची नावं हरवायला इथलं राजकारणही कारण आहे. नदीपलीकडे आगाखान पॅलेसमध्ये ब्रिटिशांच्या कैदेत १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई देसाई वारले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. त्याच वर्षांत सरकारी गणवेश घातलेल्या मुलीचा फोटो मराठी घरातल्या दिवाणखान्यात कुठून लागणार? आणि जी आझाद हिंद फौजेच्या राणी झाशी रेजिमेंटमध्ये गेली तिचं नाव ब्रिटिशांच्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ब्रह्मदेशातून माघार घेताना गाडीवर झालेल्या हल्ल्यात त्या रेजिमेंटच्या मुलीही मारल्या गेल्या. खडकीच्या वहीत त्यांना शोधू नये.

रविवार: कॅम्प आणि घोरपडी

हा दिवस हलका. रेसकोर्सजवळचं सेंट मेरीज चर्च १८२५ मधलं, पुण्याच्या छावणीचं जुनं चर्च. आत भिंतींवर स्मृतिफलक आहेत. रविवारी सकाळी उपासना असते, ती संपेपर्यंत बाहेर थांबायचं आणि मग विचारून आत जायचं. उपासना चालू असताना फलक वाचत फिरणं वाईट दिसतं. या फलकांबद्दल एक सावधगिरी: फलक घरच्यांनी किंवा पलटणीने लावलेला असतो, तो कबर कुठे आहे हे सांगत नाही. ‘पूना येथे मृत्यू’ एवढ्यावरून ती व्यक्ती इथे पुरली आहे असं लिहून टाकणारे खूप आहेत.

तिथून सोलापूर रस्त्याने भैरोबा नाल्याजवळच्या सेंट सेपल्कर दफनभूमीत. अशा जुन्या दफनभूमींची देखभाल शक्य राहिली नाही म्हणून तर खडकीचं स्मारक उभारावं लागलं. पूर्ण बाह्या, बंद बूट आणि हातात काठी. गवतात साप असतात, आणि खचलेल्या थडग्यांवर पाय देऊ नये. जुने संगमरवरी तुकडे उचलून सरळ उभे करायचा मोह होतो, तोही आवरावा. कुठला तुकडा कुठे पडला होता एवढाच पुरावा उरलेला असतो.

दुपारनंतर घोरपडीकडे राष्ट्रीय युद्धस्मारक. नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं हे स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांचं आहे. म्हणजे पॉवर-ओ’ग्रेडींचा इथे संबंध नाही आणि महिला सहायक दलाचाही नाही. स्त्रियांची नावं फार दिसली नाहीत तर त्याचं कारण सरळ आहे: १९९२ पर्यंत लष्करात स्त्रिया वैद्यकीय आणि परिचर्या शाखांतच होत्या. परिचर्या सेवेचा इतिहास त्याहून कितीतरी जुना. १८८८ मध्ये दहा परिचारिका मुंबईत उतरल्या तिथपासून तो मोजतात, १ ऑक्टोबर १९२६ ला कायमची सेवा झाली आणि १९४३ च्या अध्यादेशाने या परिचारिका अधिकारी ठरल्या. वानवडीच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्या महाविद्यालय आहे, पण ते पर्यटकांसाठी नाही. फाटकावर वाद घालून उपयोग होत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. त्यांची नावं कुठल्याही भिंतीवर लागू नयेत एवढं मनात येतंच.

सोमवार: कचेऱ्या आणि पत्रं

सोमवार राखून ठेवायचा तो कागदांसाठी. पुण्यात लष्करी भागातल्या मृत्यूची नोंद महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात शोधणं ही नेहमीची चूक. पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन वेगळी छावणी मंडळं आहेत आणि प्रत्येकाचा जन्म-मृत्यू विभाग वेगळा. मृत्यू कुठल्या हद्दीत झाला ते आधी ठरवा. रुग्णालयाचं नाव कळलं की हद्द कळते. अर्जात नाव, तारीख आणि ठिकाण तिन्ही लागतात. नुसतं ‘१९४३ च्या सुमारास’ लिहिलं तर वही कोण चाळणार? जेवणाच्या सुट्टीआधी तासभर पोचावं, हे पुणेकरांना सांगायला नको.

ख्रिस्ती दफन असेल तर दुसरी वाट जास्त फळते. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफननोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत एन/३ या मालिकेत आहेत. मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, वय आणि बऱ्याचदा मृत्यूचं कारण त्यात मिळतं. शिळेवर न कोरलेलं वय सापडतं ते इथे. दफन दुसऱ्याच दिवशी झालेलं दिसेल. हवामानामुळे तसंच करत, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. ऑस्ट्रेलियाच्या परिचारिकांचं काम त्याहून सोपं. पहिल्या महायुद्धातल्या सेवापुस्तिका तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बी२४५५ या मालिकेत आहेत, घरबसल्या फुकट वाचता येतात. वैद्यकीय नोंदी, तारा, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार, मागे राहिलेल्या सामानाची यादी असे कागद एकेका पुस्तिकेत एकत्र सापडतात.

आयोगाच्या नोंदीत चूक आढळली किंवा नावच नसलं तर कळवता येतं. त्यासाठी तीन गोष्टी जोडाव्या लागतात: ती सेवेत होती याचा कागद, मृत्यू मुदतीत झाला याचा कागद, आणि मृत्यूआधी सेवेतून मुक्त झाली असेल तर मृत्यूचं कारण सेवेशी जोडणारा कागद. तिसऱ्यावर बहुतेक प्रकरणं अडकतात. क्षय झाला म्हणून घरी पाठवलेली मुलगी वर्षभराने गावी वारली, तर मृत्यूचा दाखला पुरत नाही, मुक्त करताना झालेल्या वैद्यकीय तपासणीचा कागद लागतो. घरातल्या आठवणी, जुना फोटो, बिल्ला हे सोबत पाठवावं, पण ते पुरावा धरलं जाईल या भरवशावर राहू नये. मूळ कागद कधीही पाठवायचे नाहीत. दोन्ही बाजूंच्या स्पष्ट प्रती काढाव्यात, कारण सेवापुस्तिकेच्या मागच्या बाजूलाच बदलीचे शेरे असतात. प्रत्येक प्रतीवर ती कुठल्या संग्रहातून घेतली ते पेन्सिलीने लिहावं आणि मग पाकीट बंद करावं.